अर्थिंगचा खड्डा

१

'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण सुरेंद्रकडे बघूनच कोणीतरी केली असावी, असं त्याची बायको रीता म्हणायची. गॅस बंद केला तरी हा उठून पुन्हा एकदा बघून येणार. चंद्रपूरच्या कोळशाच्या धुळीत त्यांच्या सोनूला दम्याने धरलं होतं, आणि पोराच्या छातीतली बारीक शिट्टी रीताच्या आधी, डॉक्टरच्याही आधी, याला ऐकू यायची. मागच्या हिवाळ्यात त्या शिट्टीमुळेच तो झोपेतून उठला आणि पोरगा वेळेत दवाखान्यात पोचला. तेव्हापासून रीता त्याला चिडवायची, पण जरा हळू.

घरात अशा माणसाचा तापच होतो. पण हेलिकॉप्टरात इंधन भरणाऱ्या माणसांवर देखरेख ठेवायची तर असाच माणूस लागतो. चामोर्शी मागे टाकून जंगलात शिरलं की एका बुजवलेल्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, सिमेंटचं हेलिपॅड केलेलं आहे. आतल्या गावांतला रुग्ण उचलून नागपूरला नेणारं हेलिकॉप्टर तिथे इंधनासाठी उतरायचं. सुरेंद्र तिथला सुपरवायझर. बायको-पोर चंद्रपूरला, हा मात्र पॅडवरच राहायचा. हाताखाली माणसं तीन. अंकुश नळी धरायचा, कोलू पिंपं आणि पंप बघायचा, आणि वयाने मोठे मुखरूभाऊ आग विझवायचं सिलिंडर घेऊन हेलिकॉप्टरच्या टाकीपाशी उभे राहायचे. फोन सगळ्यांचे फाटकाजवळच्या पत्र्याच्या पेटीत.

सुक्या उन्हाळ्यात माणसाच्या अंगातही वीज साठते. नायलॉनचा शर्ट काढताना चटचट वाजते ना, तीच. घरी ती गंमत असते. टाकीच्या उघड्या तोंडाशी तीच ठिणगी पडली तर गंमत सांगायला कोणी उरत नाही. म्हणून पॅडच्या कडेला अर्थिंगचा खड्डा होता. खोल खड्ड्यात लाकडी कोळसा आणि खडे मीठ थरावर थर भरलेलं, मधोमध तांब्याची कांब, आणि कांबेला जोडून वर खांबावर ताटाएवढी तांब्याची प्लेट. टाकीजवळ जाणाऱ्याने आधी प्लेटवर उघडा तळवा टेकायचा, अंगातली वीज जमिनीला द्यायची, मगच हेलिकॉप्टरच्या जागेभोवती आखलेली पिवळी रेघ ओलांडायची. खड्डा सुकू नये म्हणून सकाळी त्याच्या पाइपात बादलीभर पाणी ओतायचं. सुरेंद्र स्वतः रेघेबाहेर उभा राहून नजर ठेवायचा, त्यामुळे प्लेटला हात लावायची वेळ त्याच्यावर येत नसे.

एप्रिल सरता सरता अंकुशने घाईत हात टेकलाच नाही. नळीचं तोंड टाकीला लागायच्या आत त्याच्या बोटातून एक निळी ठिणगी उडाली. टाकीचं झाकण तेव्हा बंद होतं, म्हणून निभावलं. अंकुश हसला. सुरेंद्रने मात्र तिघांना प्लेटपाशी उभं करून झाडलं.

"काऊन हसून राह्यला बे? तुह्यासंग हे दोघंही जळले असते." मग आवाज उतरवून म्हणाला, "आतापासून नुसता हात नाई लावाचा. तळवा टेकवाचा, डोळे मिटाचे, मोठा श्वास घ्याचा. घरचं, बाहेरचं, मनात जे असंन ते सारं खाली सोडून द्याचं. मंग टाकीकडे जायाचं. समजलं?"

तिघांनी माना डोलावल्या. नियम चांगला होता. त्याने तो फळ्यावरही लिहून टाकला.

२

उन्हाळ्यात जमीन सुकते, आणि सुकी जमीन वीज नीट घेत नाही. मे महिन्यात अर्थिंग बिघडते, मीटरचा काटा वर चढतो, हे या धंद्यातल्या कोणालाही विचारा. म्हणून सुरेंद्र मेच्या सुरुवातीलाच मीटर घेऊन खड्ड्यापाशी बसला.

काटा खाली आला होता. पावसाळ्यात असतो त्याहूनही खाली. त्याने जोडण्या पुसून पुन्हा लावल्या, मीटर बदलला. चारआठ दिवसांनी काटा शून्याच्या खिळ्याला टेकला, आणि मीटर काढून पेटीत ठेवल्यावरच सुटला.

बुजलेली बोडी आहे, खाली ओल असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण शेजारच्या विहिरीचा तळ दिसत होता. सकाळचं पाणीही पूर्वी पाइपात तुंबून हळूहळू मुरायचं, ते आता ओतताक्षणी घटघट आवाज करत जायचं, आणि आवाज थांबला की कोणीतरी घोट संपवून थांबल्यासारखी शांतता व्हायची. सुरेंद्रला ती शांतता आवडेना. चांगल्या गोष्टीचीही काळजी करणारा माणूस, दुसरं काय!

शेवटी त्याने चंद्रपूरहून गुणवंतरावांना बोलावलं. ते जुने इलेक्ट्रिशियन. आल्या आल्या त्यांनी परतीच्या बसची चौकशी केली, कारण शेवटची बस चुकली तर त्यांची बायको घर डोक्यावर घेते. मीटर लावला, काटा पाहिला आणि हसले.

"अगा, अशी अर्थिंग मी जिंदगीत नाई पाह्यली. लोकं हिच्यासाठी नवस करतीन, अन् तू घाबरून राह्यला?"

"चांगली हाय म्हणूनच तं घाबरून राह्यलो जी. इतकी चांगली काऊन हाय?"

"देणाऱ्यानं देलं तं घ्याचं." असं म्हणून गुणवंतरावांनी प्लेटवर हात ठेवला, मीटरच्या तारा गुंडाळायच्या आधी सवयीने ठेवतात तसा. तो त्यांनी बराच वेळ काढला नाही. मग बाकावर जाऊन बसले. बसची वेळ झाली तेव्हा सुरेंद्रने दोनदा आठवण करून दिली. ते नुसते हसून मान हलवत होते. बस गेली. घरून फोन आला, तो त्यांनी उचललाही नाही. त्यांना मोटरसायकलवर बसवून चामोर्शीला सोडताना, उन्हाने झालं असेल, असं सुरेंद्र रस्ताभर मनात म्हणत राहिला.

३

मुखरूभाऊंची एक सवय होती. ते कायम पुटपुटत असायचे. पुटपुटण्याचा विषय एकच, त्यांची लेक करिश्मा. ती आतल्या गावात दिलेली. सासरचे तलावातल्या मासळीवर पोट भरणारे, आणि मे महिन्यात सारं गाव विडीसाठी तेंदूची पानं तोडायला जंगलात. "पोरीले फोन लागून नाई राह्यला, साहेब. एकटीच जाते जी पत्ता तोडाले. अस्वलं पिल्लं घेऊन फिरून राह्यली." हेलिकॉप्टर उडालं की सुरेंद्र त्यांना आधी पेटीकडे पाठवायचा. फोन लागला की म्हातारा ओरडायचा, "एकटी जाऊ नोको, दोघीतिघी जा, गानं म्हनत जा!" आणि तेवढ्यापुरता गप्प व्हायचा.

मे अर्धा झाला तेव्हा सुरेंद्रच्या लक्षात आलं, की पॅडवर फार शांत आहे. पाखरं होती, वारा होता. पुटपुटणं नव्हतं.

"भाऊ, करिश्माचा फोन लागला का?" त्याने विचारलं.

"कोनाचा?" मुखरूभाऊंनी विचारलं, आणि मग आठवून म्हणाले, "हो, पोरगी. असंन बरी."

अंकुशचा तापट स्वभाव गेला. कोलूचं घर शाकारायचं राहिलं होतं आणि तो दर ढगाकडे बघून हळहळायचा, ते गेलं. तिघेही वेळेवर यायचे, तळवा टेकून डोळे मिटायचे आणि मग अशी चोख कामं करायचे, की तपासणीला आलेल्या नागपूरच्या साहेबाने सुरेंद्रच्या पाठीवर थाप मारली. "क्या ट्रेनिंग दिया है! एक भी गलती नहीं."

संध्याकाळी सुरेंद्रने हे रीताला फोनवर सांगितलं. सोनूने दम्याचा पंप घेतला का, झोपताना खिडकी लावली का, हे सगळं आधी विचारून झाल्यावर.

"मंग चांगलं हाय ना. आता काय्याची काळजी करून राह्यले?" रीता हसत म्हणाली.

"तेच नाई समजून राह्यलं," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं. माणसं चुकत नव्हती, आणि त्याला रोज रात्री भीती वाटत होती.

४

एका दुपारी तो ऑफिसच्या खोलीतून बाहेर आला तर शेडमध्ये तिघांचे डबे बंदच्या बंद. उन्हाने पॅड पांढरं पडलं होतं. तिघे जण खांबाभोवती उभे होते, एकाच प्लेटवर तिघांचे तळवे, बोटांना बोटं लागलेली. हेलिकॉप्टर यायचं नव्हतं. काहीच काम नव्हतं.

"काय करून राह्यले रे?" त्याने हाक मारली.

तिघांनी सावकाश माना वळवल्या. चेहरे इतके समाधानी होते, की सुरेंद्र एक पाऊल मागे सरला.

"काही नाई साहेब, बरं वाटते," अंकुश म्हणाला.

त्यांना जेवायला हाकलून तो खड्ड्याजवळ उकिडवा बसला. सिमेंटच्या झाकणातून हातभर पाइप वर आलेला होता. पाण्याची वेळ कधीच होऊन गेली होती, तरी पाइपातून आवाज येत होता. भिंतीपलीकडे कोणी बोलत असावं तसा. शब्द कळेनात, पण चाल कळत होती. थांबून थांबून तेच तेच म्हणणारी चाल. ती त्याने कित्येक महिने रोज ऐकली होती.

मुखरूभाऊ शेडमध्ये भाकरी खात होते. तोंड मिटून, मुकाट.

मिठातून पाणी मुरताना बुडबुडे येतात, त्यांचा आवाज असेल. पोकळ पाइपात वाराही बोलतो. सुरेंद्रने दोन्ही कारणं मनात नीट मांडली आणि दोन्ही त्याला पटली. तरीही त्याने त्याच दिवशी तिघांना सांगितलं, की डोळे मिटायचे नाहीत, हात टेकवला की लगेच उचलायचा. त्यांनी हो म्हटलं, आणि पूर्वीसारखंच केलं. त्याने वरच्या ऑफिसला फोन करून प्लेट आणि खड्डा दोन्ही बदलून मागितले. तिकडून विचारणा झाली, रीडिंग किती? त्याने सांगितलं. पलीकडचा माणूस हसायला लागला.

तेव्हा त्याने ठरवलं, येत्या सुट्टीच्या दिवशी स्वतः पान्हा घेऊन प्लेट उतरवायची. चौकशी लागली तर लागली.

५

सुट्टीच्या आदल्या दिवशी, टळटळीत दुपारी, वायरलेस खरखरला. रुग्ण घेऊन येतोय, हालत नाजूक, इंधन तयार ठेवा.

हेलिकॉप्टर उतरलं, पाती थांबली. सोबतच्या नर्सने दार उघडलं. आत स्ट्रेचरवर एक तरुण बाई. डोकं आणि अर्धा चेहरा पट्ट्यांत, पट्ट्यांतून रक्त आलेलं. हातात हिरव्या बांगड्या, बोटं तेंदूच्या चिकाने काळी.

"अस्वलानं केलं," नर्स म्हणाली. "एकटीच गेल्ती जंगलात. नाव करिश्मा. हिचा बाप इथीच कामाले हाय म्हनते. कोन हाय?"

सुरेंद्रने वळून पाहिलं. मुखरूभाऊ प्लेटवर हात टेकून आपल्या जागी येऊन उभे होते. सिलिंडर हातात, नजर टाकीच्या झाकणावर. उघड्या दारापासून फार तर दोन हातांवर.

"मुखरूभाऊ! तुमची करिश्मा हाय आत."

"हो साहेब. दिसली."

"अगा मंग जा ना तिच्यापाशी!"

"रुग्ण आत असला की आगीच्या मानसानं जागा नाई सोडाची." मुखरूभाऊंनी नजर हलवली नाही. "तुमीच सांगतलं."

आतून पोरीने हाक मारली. "बाबा." फार हळू, पण ऐकू आली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दुःख गिळणारा माणूस वेगळा दिसतो. तो सुरेंद्रने पाहिलेला होता. इथे गिळायला काही उरलंच नव्हतं. सुरेंद्रला रडू फुटलं, आणि रडता रडताच संताप आला, स्वतःचा आणि त्या फळ्यावरच्या अक्षरांचा.

टाकीचं झाकण अजून बंद होतं; तो हात न टेकताच रेघ ओलांडून गेला आणि सिलिंडर हिसकावून घेतलं. म्हाताऱ्याला दंडाला धरून पायरीवर चढवलं, पोरीच्या उशाशी बसवलं, तिचा हात उचलून त्याच्या हातात दिला. "इथीच बसा. नागपूरपर्यंत सोडू नोका हात."

"बरं साहेब," मुखरूभाऊ म्हणाले, आणि सामान धरावं तसा लेकीचा हात धरून बसले.

"जल्दी करो भाई," कॅप्टन समोरून ओरडला. "लडकी के पास टाइम नहीं है."

६

आता आगीचा माणूस सुरेंद्रच होता, आणि त्याची जागा पिवळ्या रेघेच्या आत.

अंकुश नळी घेऊन थांबला होता. कोलूचा हात पंपाच्या बटणावर. दोघेही सुरेंद्रकडे बघत होते, न रागावता, न घाई करता.

"साहेब, हात," अंकुश मऊ आवाजात म्हणाला.

सुरेंद्र खांबापर्यंत गेला आणि उभा राहिला. ऑफिसात बसायचं म्हणून त्या दिवशी त्याने टेरिकॉटचा शर्ट घातला होता. खाली ठेवलेल्या सिलिंडरच्या लोखंडाकडे हात नेला तरी मनगटावरचे केस उभे राहत होते. हात न टेकता तसंच पुढे जावं का? अंकुशच्या बोटातली ती निळी ठिणगी त्याला दिसली. तेव्हा झाकण बंद होतं. आता उघडायचं होतं, आणि आत कॅप्टन, नर्स, एक मरणाच्या दारातली पोरगी, तिचा बाप. काळजी करणाऱ्या माणसाला जे दिसायचं ते सगळं त्याला एकदम दिसलं. आणि प्लेटचं काय? प्लेटबद्दल त्याच्याकडे पुरावा काय होता? बुडबुड्यांचा आवाज, आणि शांत झालेली माणसं.

घाबरतोय तो सोनूसाठी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पोराच्या छातीतली शिट्टी ऐकणारे कान हे त्याच्याकडचं एकमेव धन होतं, आणि ते त्याला द्यायचं नव्हतं. क्षणभरच टेकवू, असं त्याने स्वतःला सांगितलं. डोळे उघडे ठेवू.

त्याने तळवा टेकला.

उन्हात तापून लाल व्हावं असं तांबं माठासारखं गार होतं. गारवा मनगटातून कोपरात आला, आणि त्याबरोबर काहीतरी उलट्या दिशेने वाहायला लागलं. आधी वरच्या ऑफिसची भीती गेली. मग मुखरूभाऊंचा चेहरा. मग मागच्या हिवाळ्यातला दवाखाना, त्याच्या पायऱ्या, रीताचे मोकळे केस. शिट्टी शेवटी निघाली. ती त्याने धरून ठेवली. दात आवळून, पोराचं नाव मनात घेत धरून ठेवली. खालून कोणी ओढत नव्हतं, जबरदस्ती नव्हती. नुसती वाट बघणं चाललं होतं. मग त्याला कळेना, की आपण एवढं घट्ट काय धरलंय आणि कशाला.

त्याने हात उचलला, रेघ ओलांडली आणि सिलिंडर घेऊन जागेवर उभा राहिला. इंधन भरण्यात एकही चूक झाली नाही. हेलिकॉप्टर उडताना काचेतून मुखरूभाऊ दिसले, सरळ समोर बघत असलेले. सुरेंद्रने त्यांना हात केला, कारण निरोपाला हात करायचा असतो.

७

ऊन कलायला लागलं तेव्हा पत्र्याच्या पेटीत फोन वाजला. कोलूने आणून दिला. रीता होती, आणि धापा टाकत बोलत होती.

"अवो, सोनूले भल्ला दम लागला. पंप देला, फरकच नाई. ओठ निळे पडून राह्यले. ऑटोत टाकून नेऊन राह्यली मी दवाखान्यात. तुमी निघा ना लवकर!"

"बरं. ने," सुरेंद्र म्हणाला.

तिकडे ऑटोचा आवाज, हॉर्न, आणि या सगळ्याखाली एक बारीक शिट्टी. त्याला ती ऐकू आली. कसला तरी आवाज येतोय, एवढंच त्याला वाटलं.

"अवो? आयकून राह्यले ना तुमी?"

"आयकून राह्यलो."

मग अगदी वेगळ्याच, घाबरलेल्या आवाजात तिने विचारलं, "कोन बोलून राह्यलं?" आणि फोन कट झाला.

त्या दिवशी सकाळी खड्ड्याला पाणी घालायचं राहिलं होतं. नियम म्हणजे नियम. सुरेंद्रने बादली भरली आणि खड्ड्यापाशी जाऊन बसला.

आवाज आता पाइपाला कान न लावताही येत होता, आणि शब्द कळत होते. खोलवर एक म्हातारा लेकीला बजावत होता, की एकटी जाऊ नोको, गानं म्हनत जा. त्याच्या आजूबाजूला आणखी कोणी कोणी होते. एक जण बस चुकेल म्हणून विनवत होता. आणि सगळ्यांत वर, अगदी झाकणाखाली, एक नवा आवाज होता. तो माणूस ओरडत होता, रडत होता, आतून सिमेंटवर थापा मारल्यासारखं काहीतरी होत होतं.

"रीता, मी निघालो! त्याले बसता ठेव, आडवा नोको करू! मी येऊन राह्यलो, रीता, आत्ताच निघालो!"

सुरेंद्रने लक्ष देऊन ऐकलं. आवाज ओळखीचा वाटला. बिचाऱ्याच्या घरी कोणीतरी फार आजारी असावं. निघालो निघालो म्हणतो, तर मग निघत का नाही, हे मात्र त्याला समजेना.

मागे अंकुश आणि कोलू खांबापाशी उभे राहून त्याची वाट बघत होते. प्लेटवर तिसऱ्या हाताला पुरेल एवढी जागा त्यांनी ठेवली होती.

"आलो," सुरेंद्र म्हणाला, आणि खालचा आवाज बंद होईपर्यंत पाइपात पाणी ओतत राहिला.